निळ्या लुगड्याची झोळी

आमच्या दूध केंद्रावर मला फसवणं अवघड, अशी माझी गावात ख्याती आहे. दुधात पाणी असो, साखर असो, रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलेलं असो, कॅनचं झाकण उघडलं की माझं नाक आधी सांगतं आणि मशीन मागाहून. लग्नाआधी मी नगरला राहायचे. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासायचं काम करायचे, त्यामुळे तपासणं अंगातच मुरलेलं. काष्टीजवळच्या या गावात सून म्हणून आले, नवऱ्याचं केंद्र होतंच, आणि थोड्याच दिवसांत शेतकरी आपसात म्हणायला लागले की ह्या बाईच्या हाताखालून पाणी जात न्हाई. मला ते आवडायचं. म्हणूनच पुढचं सांगताना आधी लाज वाटते आणि मग राग येतो. कधीकधी राग आधी येतो.

लेक झाली आणि माहेरचं बाळंतपण उरकून मी सासरी परतले, तेव्हा केंद्राचे हाल झालेले होते. नवरा सकाळ-संध्याकाळ कॅन पिकअपमध्ये घालून शीतकरण केंद्रावर नेतो. त्याला माणसं सांभाळता येतात, दूध सांभाळता येत नाही. फॅट कमी लागली की भांडण आणि जास्त लागली की संशय, असा सगळा कारभार. तोच म्हणाला, तू ये, पोरीला घेऊनच ये, मी हाय ना. हे ‘मी हाय ना’ त्यानं माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

पण पोरीला घेऊन जायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिला मागच्या खोलीत गोधडीवर निजवलं. ती रडायची, माझे हात दुधाचे, समोर रांग. हात धुवून तिला घ्यावं तर लोक घड्याळ बघायचे. दुसऱ्या दिवशी तिनं रडून रडून आवाज बसवून घेतला. मी घरी येऊन चुलीपुढे बसले आणि म्हटलं, मला हे जमणार नाही.

वाट काढली ती सासूबाईंनी. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणते. मोबाईलवर मी पट्ट्यापट्ट्यांच्या, बकलं लावलेल्या पिशव्या पाहिल्या होत्या, बाळ छातीशी बांधायच्या. आत्यांना दाखवल्या. त्यांनी मोबाईल लांब धरून नीट बघितलं आणि विचारलं, ह्यात पोर ठिवायचं का फवारनीचा पंप? मग उठल्या, ट्रंक उघडली आणि तळातून एक गडद निळं नऊवारी लुगडं काढलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात घेतलं तर वजन लागेना. माझ्यादेखत त्यांनी ते मधोमध फाडलं.

“कांद्याच्या लागनीला तुझा नवरा ह्यातच वाढला,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बापानं कवा कडंवर घेतला न्हाई.”

बांधायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. पदराचा भाग पुढं घ्यायचा. तो बाळाच्या गालाखाली येतो, तोंडाशी येतो, आणि पाजताना तोच वर ओढला की आडोसाही होतो. दुसरं टोक खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून काखेखालून पुढं, बाळाच्या बुडाखालून घेऊन कमरेला गाठ. दोन्ही हातांनी बाळ सावरायचं असतं, म्हणून गाठ मारेपर्यंत ते दुसरं टोक दातात धरायचं. मी पहिल्यांदा बांधलं तेव्हा पोरगी तिरकी लोंबायला लागली. आत्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. चार दिवसांत मला डोळे मिटून जमायला लागलं.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मी आजही कबूल करते. पहाटेची गार हवा, कॅनचे आवाज, छातीशी तिचं ऊन ऊन डोकं. तिला भूक लागली की ती आधी डोकं घासायची. मी झोळी जराशी सैल करायची, तिला खाली सरकवायची, पदर वर ओढायची, आणि ती प्यायला लागायची. माझे हात मोकळे. एका हातानं नमुन्याची बाटली मशीनला लावायची, दुसऱ्यानं आकडे दाबायचे. समोरच्याला कळायचंही नाही. ज्यांना कळायचं ते जुने लोक कॅन ठेवून पत्र्याकडे बघत उभे राहायचे. एक म्हातारे तर रोज विचारायचे, “पाव्हन्यांचं जेवान झालं का?” दूध घालायला येणाऱ्या बायका झोळीतून बाहेर आलेले तिचे तळवे चिमटीत धरून बघायच्या. मला वाटायचं, आपण काही फार मोठं केलं नाही, पण पोरगी भुकेली नाही, केंद्र बंद नाही, आणि घरात सगळे आपल्या बाजूला आहेत.

ऊस तोडणीचा हंगाम लागला आणि गावाबाहेर टोळ्यांच्या खोपी पडल्या. त्या बायका पोरं अशीच पाठीला बांधून फडात जातात. नवऱ्याची एक चुलती घरी आली होती. मला झोळीत बघून म्हणाली, ह्या घरच्या सुनंनं कोयत्यावरच्या बायांवानी पोर बांधून फिरावं का? मी म्हटलं, त्या बायका ऊन-थंडीत पोरं वाढवतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. चुलतीनं तोंड वाकडं केलं. ती गेल्यावर आत्यांनी तिची नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. नवरा तिथंच बसला होता. तो हसला की नाही, हे मला आठवत नाही.

झोळीचं कापड धुवायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाळाच्या तोंडाशी येतंय, साबन नको, मी रिठ्यानं धुते म्हणाल्या. सकाळचं दूध घेऊन झालं की मी कापड मोरीपाशी टाकायची आणि संध्याकाळी घडी घातलेलं, कोरडं कापड खुंटीवर मिळायचं. दिवसाकाठी माझं एवढं एक काम वाचायचं. मी त्यांना म्हणायची, आत्या, तुमच्यासारखी सासू शोधून सापडायची नाही.

लेकीला पाचवा महिना लागला आणि एके दिवशी तिनं तोंड फिरवलं.

केंद्रावरच. मी पदर वर ओढला, ती डोकं घासत आली, तोंड लावलं आणि असं काही किंचाळली की रांगेतल्या माणसांनी कॅन खाली ठेवले. जीभ बाहेर काढून, ओठ वाकडे करून रडत होती. मला वाटलं, मुंगी चावली. झोळी सोडून सगळं तपासलं. काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून तिनं पाजायची वेळच येऊ दिली नाही. झोळीत घातलं की अंग ताठ करायची. घरी मांडीवर घेतलं तरी आधी वास घेतल्यासारखं करायची आणि मान मागे टाकायची. झोपेत मात्र प्यायची. झोपेत पिते आणि जागेपणी नको म्हणते, याचा अर्थ मला लागत नव्हता.

त्यातच तिला पातळ शी व्हायला लागली आणि मग घरात माझ्या दुधाची चर्चा सुरू झाली. चुलती म्हणाली, दूध बाधलं. शेजारीण म्हणाली, तिखट कमी खा. आत्यांनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या.

“बघ,” त्या म्हणाल्या, “ठसका सुदिक आला न्हाई. लई दिष्ट हुती.”

काष्टीच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी पोरीला तपासलं, मला तपासलं आणि म्हणाल्या, दुधात काही नसतं असलं, पाजत राहा. मग त्यांनी विचारलं, बाहेरचं काही तिच्या पोटात जातंय का? घरातलं कुणी काही चाटवतं का? मी जरा रागानंच म्हटलं, आमच्या घरात असं कुणी करणार नाही.

डॉक्टर बाईंच्या सांगण्यावर विश्वास न बसून मी एक वेडेपणा केला. दुपारी केंद्राचं शटर अर्धं ओढलं, वाटीत थोडं माझंच दूध काढलं आणि मशीनला लावलं. मशीनला काय, त्यानं मला गाय समजून आकडा दिला. आकडा बरा होता. गाय असते तर भाव चांगला मिळाला असता. मग मी वाटीतलं उरलेलं दूध चाखलं. गोड होतं, पातळ आणि गोड. मी तिथं खुर्चीत बसून रडले, कारण दुधात दोष नसेल तर दोष माझ्यातच असणार असं मला वाटलं. माझी मुलगी मला नको म्हणत होती.

घरी आले तर नवऱ्यानं दुधाच्या पावडरचा डबा आणि नवी कोरी बाटली आणून ठेवली होती. डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, तू जिवाला लावून घेऊ नको, बाटलीवर पन वाढत्यात पोरं. त्याचा आवाज इतका मायेचा होता की मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पोरीनं आत्यांच्या मांडीवर गटागटा बाटली संपवली. आत्या म्हणाल्या, आता केंद्रावर न्यायचं काय काम, राहील माझ्यापाशी. मी तरीही हट्टानं तिला रोज झोळीत घालून नेत राहिले. कधीतरी पुन्हा लागेल म्हणून. बाटली सुरू झाली तरी मी आशा सोडली नव्हती आणि दूधही अजून येत होतं.

त्या संध्याकाळी मला उशीर झाला होता. रांग लागलेली, पोरगी चिडचिडी. घरून निघताना घाईघाईत खुंटीवरचं कापड ओढून आणलं होतं, ते मी केंद्रावर उलटं बांधायला घेतलं. म्हणजे पदराचा भाग पाठीकडे गेला आणि साधं टोक बाळाकडे आलं. हे लक्षात यायच्या आधी मी सवयीनं हातातलं टोक दातात धरलं.

तोंडात कडू जहर झालं. घशापर्यंत गेलं ते. मी कापड थुंकलं, पाणी प्यायले, चूळ भरली, तरी जाईना. मग लॅबमधली सवय जागी झाली. पदराचा काठ वाटीभर पाण्यात पिळला आणि ते पाणी चाखलं. कडू. दुसरं टोक पिळलं. नुसता रिठ्याचा वास. पुन्हा काठ पिळला. पुन्हा कडू. फक्त तेवढीच हातभर जागा, जिथं तिचं तोंड येतं.

रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. मी लेकीला एका बाईच्या कडेवर दिलं आणि सगळ्यांचं दूध घेतलं. एकही आकडा चुकला नाही. माझ्या छातीवरही ते कडू रोज उतरत असणार, घामानं, घासून, आणि म्हणून ती घरीही मान टाकत असणार, हे सगळं मला आकडे दाबता दाबता कळत गेलं. झोपताना झोळी नसायची, तोवर मी अंग धुतलेलं असायचं. म्हणून झोपेत प्यायची.

घरी मोरीपाशी तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड लावलेली आहे. तिची बाहेरची पानं बुडाशी कापलेली मी किती दिवस बघत होते. आत्यांचे गुडघे दुखतात, गुडघ्यांना लावत असतील असं वाटायचं. त्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. मी कापड त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, कोरफड कशाला लागते? त्यांनी कापडाकडे पाहिलं. नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

“पाजायचं तुटावं म्हनून,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे अंगावरचं असंच तोडतात, हे मलाही ठाऊक होतं. पण ते पोरगं चालायला लागल्यावर, पोटात दुसरं असल्यावर, आणि लावते ती आई. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगाला. मी तेच म्हणाले. माझी लेक अजून नीट बसत नाही आत्या, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

“आईला इचारून तुटत न्हाई पोरी. आई रडती आन परत घेती.”

“तिला जुलाब होत होते, तेव्हाही लावलंत?”

“तवा कमी केलं,” त्या म्हणाल्या.

मला वाटतं, इतर सगळं मी कधीतरी विसरेन, हे तीन शब्द नाही विसरणार. मग त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला काय हौस हाय का, म्हणाल्या. त्यानंच सांगितलं. आई, तू कायतरी कर, म्हनला. पोरगी पाजायची ऱ्हायली म्हंजी आपसूक घरी बसंल, झोळी सुटंल, कुनाचं मन बी दुखायचं न्हाई.

कुणाचं मन दुखायचं नाही. माझं मन त्यांनी धरलंच नव्हतं.

रिकामे कॅन घेऊन नवरा आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पिकअपपाशीच उभी होते. त्याच्या हातात कापड दिलं आणि म्हटलं, चाखून बघ. त्यानं चाखलं नाही. त्यावरून मला कळलं. मग बराच वेळ त्यानं कॅन उतरवले, एकात एक घातले, पिकअपच्या फाळक्याची कडी दोनदा लावली. शेवटी बोलला ते असं की, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पोरं त्याला चिडवत होती. तुझ्या डेअरीत गाईचं बी आन बाईचं बी, दोन्ही जातीचं दूध मिळतं म्हणं. एकदा नाही, रोज. त्याच्या वर्गातले, त्याच्यासोबत कबड्डी खेळलेले.

मी म्हटलं, मग त्यांचं तोंड बंद करायचं होतंस.

“कुनाकुनाचं करू?”

“मग मला सांगायचं.”

“तुला सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस?”

“नाही.”

“म्हनून,” तो म्हणाला.

एवढंच. त्याच्या दृष्टीनं हिशेब तिथं पूर्ण झाला होता. तो ओशाळला होता, पण चुकलो असं त्याला वाटत नव्हतं, आणि मला वाटतं आजही वाटत नाही. टपरीवरच्या चार टग्यांपुढे त्याला बोलता आलं नाही, म्हणून त्यानं आपल्या पाच महिन्यांच्या मुलीच्या तोंडात कडू घातलं. वर बाटली आणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझी चूक काढायला डॉक्टरकडे नेणाऱ्या पिकअपचं स्टिअरिंगही त्याच्याच हातात होतं. वाटेत मी रडत होते, तेव्हा त्यानं गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला होता. तो रस मला आजही आठवतो.

मी भांडले, ओरडले, माहेरी जाते म्हणाले, गेले नाही. त्याचं इथं सांगण्यासारखं काही नाही. मला घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. कापड मी उकळत्या पाण्यात घातलं, स्वतः चोळलं, उन्हात टाकलं, पुन्हा धुतलं. काठ तोंडात धरून चावून पाहिला, कडूपणाचा मागमूसही राहिला नव्हता. अंग धुतलं. केंद्र बंद ठेवलं. दार लावून घेतलं आणि लेकीला जवळ घेतलं. अजून दूध होतं. मला खात्री होती की आता सगळं साफ आहे, तर ती येईल.

तिनं झोळीचं कापड पाहिलं आणि ओठ काढले. मी कापड दूर फेकलं. मांडीवर घेतलं, तिच्याशी बोलत राहिले, एक थेंब बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावला. तिनं तो चाटला. गोड लागला असणार. मग मी तिला छातीशी धरलं, आणि तिनं दोन्ही हात माझ्या गळ्याखाली टेकवून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून मला दूर ढकललं. मी दुसऱ्या दिवशीही बघितलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. हळूहळू दूधच आटलं.

तिच्या बाजूनं विचार केला तर तिचं काय चुकलं? कोरफड कुणी कापली, कुणी कापायला सांगितली, हे तिला कुठं ठाऊक. तिनं पाहिलं ते एवढंच, की आई छातीशी घेते आणि तोंडात कडू येतं. त्या पहिल्या दिवशी ती माझ्या मांडीवर रडायची थांबेना, तेव्हा दार उघडून नवरा आत आला. तिनं त्याच्याकडे झेप घेतली. त्याच्या खांद्यावर गाल टेकवला आणि गप्प झाली. मागून आत्या बाटली घेऊन आल्या, तशी ती हसली. त्या सगळ्या घरात माझ्या मुलीला भीती वाटत होती ती एकट्या माझीच.